यंदा दारात चांदणी लावावी का?

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने:

आदरणीय ताईंना सप्रेम सलाम. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले असून गेली १८ वर्षे पुण्यात राहतो. ऑगस्टमध्ये माझे सासरे प्रभूमध्ये निजले; त्यांची कबर गावी आहे. दरवर्षी डिसेंबर लागला की ते बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या आणून स्वतःच्या हाताने चांदणी, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा कागदी कंदील, बांधत. ती गॅलरीत लागली की आमच्याकडे नाताळ सुरू होई, आणि नाताळच्या रात्री ते पेटीवर ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची पदे म्हणत. यंदा सण करावा की नाही हे घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकाच्या मनात तेच आहे. गावाकडच्या नात्यातल्या बायकांनी सासूबाईंना सांगितले की, वर्षाच्या आत घरात कढई चढवू नये आणि तुम्ही तर नवे लुगडेही नेसू नये. तेव्हापासून त्या नाताळच्या उपासनेलाही येणार नाही म्हणतात. माझे यजमान या विषयावर एक शब्द बोलत नाहीत. धाकटे दीर दोन वर्षांपासून एका वेगळ्या सहभागितेत, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती उपासक-गटात, जातात. ते म्हणतात की २५ डिसेंबर शास्त्रात, म्हणजे बायबलात, नाही, झाड आणि चांदणी या परक्या रीती आहेत, तेव्हा सण कायमचाच बंद करावा. मुलगा १४ वर्षांचा आहे आणि मुलगी ८ वर्षांची. परवा मुलीने विचारले, "आजोबा नाहीत, तर येशूचा वाढदिवसपण नाही का?" मला उत्तर देता आले नाही. शेजारच्या काकूंनी दिवाळीत फराळाचे ताट दिले, तेव्हा "तुमच्याकडे यंदा सण नसेल" असे त्या सहजच म्हणून गेल्या. बाजारात प्लॅस्टिकच्या चांदण्या मिळतात. तशी एखादी आणून लावावी, की यंदा गॅलरी अंधारीच ठेवावी? आणि नाताळला गावी जावे की पुण्यातच राहावे?

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. तुमच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि पत्र खाली ठेवून काही वेळ तशीच बसून राहिले. तुमच्या घरात मोठी माणसे जे मनातल्या मनात घोळवत आहेत, ते त्या मुलीने सरळ विचारले आहे. म्हणून आधी तिचे उत्तर देते. तिला सांगा की येशूचा वाढदिवस आहे, यंदाही आहे, आणि आजोबांची आठवण येऊन त्या दिवशी रडू आले तर रडायलाही हरकत नाही. सण करा. तो लहान करा, सावकाश करा, दमलात तर मध्येच थांबा, पण तो रद्द करू नका.

हे मी इतक्या खात्रीने का सांगते, त्याला माझ्या बालपणातील एक रात्र कारण आहे. माझी आई नोव्हेंबरमध्ये गेली तेव्हा मी ११ वर्षांची होते. वडिलांनी त्या वर्षी नाताळ करायचा नाही असे ठरवले. त्यांच्या दुःखाला दुसरी वाटच दिसत नव्हती, आणि त्याबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही. आमच्या वस्तीत नाताळच्या आदल्या रात्री गाणारी मंडळी घरोघर फिरत असत. एकाच्या खांद्यावर पेट्रोमॅक्स, एकाच्या गळ्यात पेटी आणि पुढे डफ, असा तो थाट असे. त्या रात्री आवाज जवळ जवळ येत गेला आणि आमच्या फाटकाशी आल्यावर एकदम थांबला. मी खिडकीच्या फटीतून पाहिले. त्यांनी डफ खाली घेतला होता, बत्ती बारीक केली होती, आणि ते सगळे माना खाली घालून आमच्या दारावरून निघून गेले. पुढच्या घराशी पुन्हा गाणे सुरू झाले. त्यांनी ते आदरापोटी केले हे मला आज कळते, पण त्या वेळी मला असे वाटले की आई तर गेलीच आणि आता येशूसुद्धा आमचे घर टाळून पुढे गेला. तुमच्या मुलीचा प्रश्न आणि माझी ती समजूत यांत फारसे अंतर नाही.

आता दुखवट्याच्या रीतीविषयी. ही रीत आपल्याकडे शेजारपाजारच्या हिंदू घरांतून आणि आपल्याच वाडवडिलांच्या जुन्या आयुष्यातून आली आहे, एवढ्यावरून ती टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही. तिच्यात माणुसकीची बाजू मोठी आहे. घरात माणूस गेले की पहिला सण आला तरी त्या घराने हसतमुख राहावे, ताटे भरून वाटावीत अशी कोणी अपेक्षा धरत नाही. उलट शेजारी आणि भाऊबंदच फराळ आणून देतात, म्हणजे त्या घरच्या बाईला चुलीपुढे उभे राहावे लागत नाही. तुमच्या शेजारच्या काकूंनी दिवाळीत जे ताट दिले, ते याच मायेने दिले. त्यांचे बोलणे मनाला लावून घेऊ नका. त्यांना जी रीत ठाऊक होती तिच्यातूनच त्यांनी तुमच्या दुःखाचा मान राखला.

मात्र या रीतीचा जो भाग सासूबाईंच्या वाट्याला आला आहे, तो मला मान्य नाही. घराने कढई चढवू नये हे सर्वांना लागू होते, पण नवे लुगडे नेसू नये हे एकट्या विधवेला सांगितले जाते, आणि ते ऐकून ती बाई उपासनेलाही जाईनाशी होते. अशा वेळी त्या रीतीतली माया संपलेली असते आणि नुसता धाक उरलेला असतो. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपण दर नाताळला वाचतो, पण बहुधा मेंढपाळांपाशीच थांबतो. एकदा सासूबाईंजवळ बसून तो पुढे वाचा. बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा त्याला ओळखणारी दोनच म्हातारी माणसे तिथे होती. त्यांपैकी एक हन्ना. लग्नानंतर ७ वर्षेच नवऱ्याचा सहवास लाभलेली आणि ८४ वर्षांची ही विधवा रात्रंदिवस मंदिरातच असे, आणि तारणाची वाट पाहणाऱ्या सर्वांना त्या बाळाविषयी ती सांगत सुटली. नाताळच्या गोष्टीत विधवेची जागा दाराबाहेर नाही, अगदी मंदिरात बाळाजवळ आहे. हे सुनेने समजावून सांगण्यापेक्षा पाळकांनी, म्हणजे तुमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, घरी येऊन वाचले तर सासूबाईंच्या मनाला अधिक आधार वाटेल, कारण गावातल्या बायकांच्या शब्दासमोर तुमचा शब्द त्यांना लहान वाटणे स्वाभाविक आहे. पाळकांना निरोप द्या, ते नक्की येतील. लुगड्याचा आग्रह मात्र धरू नका. जुने नेसून आल्या तरी चालेल, पण उपासनेला येऊ द्या.

त्याच गोष्टीत मत्तयाने आणखी एक प्रसंग सांगितला आहे आणि तो आपण मुलांच्या नाटकात कधी दाखवत नाही. ताऱ्याच्या मागोमाग बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, परत गेल्यावर हेरोद राजाने बेथलेहेमातली २ वर्षांची व त्याहून लहान मुले मारवली, आणि राहेल आपल्या मुलांसाठी रडते व सांत्वन घेऊ इच्छीत नाही, हे यिर्मयाचे वचन मत्तय तिथे आठवतो. म्हणजे पहिल्या नाताळातच एका गावात घरोघरी दुखवटा होता आणि शास्त्राने तो लपवला नाही. दुःखाच्या घरात नाताळ शोभत नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढे मला नेहमी हे पान ठेवावेसे वाटते.

आता सण करायचा कसा, ते सांगते. तुमच्या पत्रात नाताळ म्हणजे डिसेंबरची एक रात्र आहे, आणि तिच्याकडे एकदम पाहिले की तुम्हाला धडकी भरते. पण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्षात नाताळ एकटा येत नाही. त्याच्या आधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो, आणि त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. या काळाचा रंग जांभळा. जुन्या काळी या दिवसांत लोक उपास धरत आणि लग्ने टाळत. हा सगळा काळ वाट पाहण्याचा आहे. आपल्या घरांत अलीकडे आगमनकाळ खरेदीतच संपून जातो, आणि मग शोकात असलेल्या घराला वाटते की आपल्यासाठी या दिवसांत जागाच नाही. वास्तविक ही चार आठवड्यांची जागा शोक करणाऱ्या माणसासाठीच केल्यासारखी आहे. तिथे कोणी तुम्हाला आनंद करा म्हणत नाही, फक्त दिवा लावा म्हणते.

म्हणून पहिल्या रविवारी संध्याकाळी जेवणाच्या आधी एक मेणबत्ती लावा. दुसऱ्या रविवारी दोन, मग तीन, मग चार. मुलीला काडी ओढू द्या. त्या प्रकाशात एक स्तोत्र वाचा. १३० वे वाचा, कारण पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांहून माझा जीव प्रभूची अधिक वाट पाहतो, असे सांगणारे ते स्तोत्र आहे. नंतर घरातल्या एकाने सासऱ्यांची एक आठवण सांगावी. मोठे भाषण नको, एकच आठवण पुरे. ते चहा बशीतून पीत असतील तर तेवढेच सांगा. पहिल्या रविवारी कदाचित कोणी बोलणार नाही आणि सासूबाई पदर डोळ्यांना लावतील. तरी घाबरू नका. चौथ्या रविवारपर्यंत घराला त्यांचे नाव मोठ्याने घेण्याची सवय झालेली असेल, आणि २४ तारखेच्या रात्री त्यांची रिकामी खुर्ची पाहून कोणी एकदम कोसळणार नाही, कारण त्या खुर्चीविषयी तुम्ही महिनाभर बोलत आलेले असाल.

पेटीचे काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न त्या रात्री येणारच. पेटी कपाटात बंद ठेवू नका आणि कोणाला वाजवायचा आग्रहही करू नका. ती नेहमीच्या जागी नुसती ठेवा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर रेव्हरंड टिळकांनी आपल्या मंडळ्यांना मराठी मातीतली भजने दिली, आणि त्यांतली किती तरी पदे तुमच्या सासूबाईंना पुस्तकावाचून येत असणार. त्यांनी एक ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणावी. वाद्यावाचून आवाज थोडा डळमळेल, तर डळमळू द्या.

कढईविषयी माझे मत असे आहे. यंदा करंज्या, चकल्या, अनारसे हा सगळा घाट घालू नका. तुमच्या अंगातही तेवढे बळ नसेल, आणि नात्यातल्या बायकांशी त्यावरून वाद घालण्यातही अर्थ नाही. पण एक पदार्थ करा, सासऱ्यांना जो सर्वांत आवडत होता तो. तो सासूबाईंच्या हाताखाली करा आणि त्याची एक ताटली शेजारच्या काकूंकडे मुलीच्या हाती पाठवा. त्या दिवाळीला जे बोलल्या त्याचे उत्तर त्या ताटलीत आपोआप जाईल. सण आहे, आणि आम्ही तो आमच्या दुःखासकट करतो आहोत, हे त्यांना कळेल. मुलांना कपडे घ्यायचे तर घ्या. मोठ्यांनी नाही घेतले तरी चालेल. भेटवस्तूंची यादी या वर्षी बाजूला ठेवा, तिच्यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

दिरांच्या म्हणण्याचा विचार मात्र आदराने करायला हवा, कारण ते मनापासून बोलत आहेत आणि त्यांचे निम्मे म्हणणे खरे आहे. येशूच्या जन्माची तारीख शास्त्रात नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये पाळला जात असल्याची नोंद ३३६ सालची आहे, म्हणजे प्रभूनंतर तीन शतकांनी. झाड जर्मनीकडून आले. गव्हाणीचा देखावा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी मांडला, तेव्हापासून त्याचा प्रसार झाला. हा आक्षेपही नवा नाही. आपल्या नगरकडच्या कित्येक मंडळ्या ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या श्रमांतून उभ्या राहिल्या, त्या मिशनची मुळे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बॉस्टनमध्ये होती. त्यांचे पहिले लोक १८१३ साली मुंबईला पोचले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, कारण तिथले प्युरिटन, म्हणजे कडक आचाराचे प्रोटेस्टंट, लोकही हेच म्हणत की शास्त्रात नाही ते आम्ही पाळणार नाही. पुढे १८५६ साली त्याच मॅसॅच्युसेट्सने नाताळची सुटी कायद्याने मान्य केली. प्रामाणिक ख्रिस्ती माणसे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली आहेत, हे दिरांनाही ठाऊक असावे.

पौलाने रोमकरांस पत्रात, १४ व्या अध्यायात, याच भांडणाला उत्तर दिले आहे. कोणी एक दिवस दुसऱ्याहून अधिक मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी आणि आपल्या भावाला दोष लावू नये, असा त्याचा आशय आहे. दिरांना न पाळण्याची मोकळीक आहे तशीच तुम्हाला पाळण्याची आहे. पण वडील गेले त्या वर्षीच, घर हळवे झालेले असताना, सण कायमचा बंद करण्याचा निर्णय मागणे योग्य नाही, आणि हे तुमच्या यजमानांनी थोरला भाऊ म्हणून त्यांना एकदा शांतपणे सांगावे. चांदणीपुरती तर शास्त्राची साक्ष आपल्याच बाजूने आहे, कारण मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात तारा आहे. वाद तिथेच थांबवा आणि दिरांना नाताळ म्हणून न बोलवता वडिलांच्या आठवणीसाठी म्हणून आगमनकाळातल्या एखाद्या रविवारी जेवायला बोलवा. मला वाटते ते येतील. येशूच्या जन्माच्या वेळी उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा नव्हती हे वाक्य आपण दरवर्षी वाचतो, तेव्हा आपल्या घरात न पटणाऱ्या भावाला जागा ठेवायलाच हवी.

गावी जायचे की पुण्यातच राहायचे, यावर घाईने निर्णय करू नका. नाताळचा काळ २५ तारखेला सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत त्याचे बारा दिवस असतात. २५ ला इथल्या मंडळीबरोबर उपासना करा, आणि मग मुलांच्या सुट्टीत एक दिवस सगळे गावी जाऊन सासऱ्यांची कबर स्वच्छ करा. तिथे फुले ठेवून एक पद म्हणा. सासूबाईंना गावातल्या बायकांसमोर सुनेबरोबर, नातवंडांबरोबर उभे राहिलेले पाहणे, हे त्या बायकांनाही काही सांगून जाईल.

आता चांदणी. प्लॅस्टिकची आणू नका. ती वाईट असते म्हणून नव्हे, पण या वर्षी तुमच्या घराला आयती चांदणी नको आहे, बांधायची चांदणी हवी आहे. तुमचे यजमान बोलत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना बोलायला लावू नका, त्यांच्या हाताला काम द्या. लहानपणी वडील चांदणी बांधत असताना दोरा कोणी धरला असेल, कामटी वाकली तर ओरडा कोणी खाल्ला असेल, याचा विचार करा. ती चांदणी कशी बांधायची हे घरात कोणाला येत असेल तर ते त्यांनाच. त्यांनी १४ वर्षांच्या मुलाला घेऊन एखाद्या शनिवारी बुरूड आळीत जावे आणि सारख्या लांबीच्या १० कामट्या व वीतभर लांबीचे ५ तुकडे घ्यावेत. कामट्या रात्रभर पाण्यात भिजवल्या म्हणजे बांधताना चिरत नाहीत. पाच पाच कामट्यांच्या दोन चांदण्या आधी वेगवेगळ्या बांधायच्या, त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके सुतळीने आवळायची, आणि मग आतल्या पाच कोनांत ते छोटे तुकडे टेकू म्हणून घातले की चांदणीला पोट येते. बहुतेक जण या टेकूंपाशी चुकतात. एक टेकू जरी लांब झाला तरी सगळी चांदणी एका बाजूला कलते. वर पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवायचा, एक कप्पा दिव्याची वायर आत घालण्यासाठी मोकळा सोडायचा, आणि खळ पूर्ण वाळेपर्यंत उचलायची नाही.

पहिल्या वर्षी ती वाकडी होईल. मुलगा तोंड वाकडे करील, आजोबांसारखी झाली नाही म्हणेल, आणि तेव्हा कदाचित तुमचे यजमान ऑगस्टनंतर पहिल्यांदा वडिलांविषयी काही बोलतील. त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरातच थांबा, बापलेकांच्या मध्ये जाऊ नका. चांदणी गॅलरीत टांगायचे काम मुलाला करू द्या, आणि बटण सासूबाईंच्या हाताने लावा.

सर्वांना माझा सलाम सांगा.

तुमची,
ताई